नत्र, स्फुरद, पालाश : मूलद्रव्यांच्या शोधाची हकीकत



खतांच्या मात्रा आपण या पत्रिकेतून नेहमीच देत असतो. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश ही शिफारस पुष्कळ सभासदांना तोंडपाठ आहे. पोत्यावरचे १०:२६:२६ हे आकडेही सगळेच वाचतात. पण नत्र म्हणजे नेमके काय, स्फुरद पहिल्यांदा कोणी डोळ्यांनी पाहिले, पालाश कशातून निघाले, असे कोणी विचारले की गाडी अडते. "खत म्हणजे खत, त्यात काय पाहायचंय?" असे म्हणून आपण पुढे जातो. या वेळी मात्रांचा तक्ता बाजूला ठेवून या तीन नावांची मूळ हकीकत सांगण्याचे योजिले आहे. हकीकत परमुलखातली आहे आणि दोन-तीनशे वर्षांपूर्वीची आहे. तरी तिच्यात गंधकाची भट्टी आहे, राख आहे, आणि साखरही आहे.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. ज्या पदार्थाचे रासायनिक क्रियेने आणखी वेगळे घटक पाडता येत नाहीत, त्यास मूलद्रव्य म्हणतात. साखर हे मूलद्रव्य नव्हे. कढईत साखर करपली की वाफ निघून जाते आणि काळा कोळसा उरतो. म्हणजे साखरेत दुसरे काहीतरी दडलेले होते. तो कोळसा म्हणजे कर्ब. त्याला कितीही तापवा, त्यातून आणखी वेगळे काही निघत नाही. म्हणून कर्ब हे मूलद्रव्य. मूलद्रव्य शेतात तयार करता येत नाही आणि जाळून नाहीसेही होत नाही. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, इतकेच.

आज हे सोपे वाटते. पण माणसाला ते कळायला फार काळ लागला. आपल्याकडे पंचमहाभूते मानली गेली, ग्रीक लोक पृथ्वी, पाणी, वायू व अग्नी अशी चार मानीत. इंग्लंडमधील रॉबर्ट बॉईल याने १६६१ साली ग्रंथ लिहून या चार तत्त्वांवर शंका घेतली, परंतु त्यांच्या जागी नेमके काय ठेवायचे हे त्यालाही सांगता आले नाही.

त्याच्या थोडे आधी ब्रसेल्सकडे व्हॅन हेल्मॉन्ट नावाचा वैद्य होऊन गेला. त्याचा प्रयोग प्रत्येक शेतकऱ्याने ऐकण्यासारखा आहे. त्याने एका कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. धूळ पडू नये म्हणून वर भोकाभोकांचा पत्रा बसवला आणि पाच वर्षे फक्त पावसाचे पाणी घातले. पाच वर्षांनी झाड उपटून तोलले तर ते १६९ पौंड भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर २०० पौंडांत अवघी दोन औंस घट! आपल्या जुन्या मापाने सुमारे पाच तोळे. त्याने निष्कर्ष काढला की, झाडाचे लाकूड, साल, मुळ्या हे सर्व केवळ पाण्यातून झाले.

निष्कर्ष चुकीचा होता, परंतु पद्धत अस्सल होती. आधी तोल, वाढू दे, मग पुन्हा तोल. त्याच्या काट्याची अचूकता आजच्या मानाने ढोबळच असणार, आणि गळालेली पाने त्याने तोलली नव्हती, तरी खरी मेख त्या पाच तोळ्यांत होती. त्याने ती किरकोळ म्हणून सोडून दिली. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्दही याच गृहस्थाने काढला. कोळसा जळताना आणि रस आंबताना एक विशिष्ट वायू निघतो हे त्याला माहीत होते. तोच वायू झाड हवेतून खात असेल हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली मुलाने हे लिखाण छापले.

आता स्फुरदाकडे येऊ. १६६९ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रांट नावाचा एक इसम होता. लोखंड-शिशाचे सोने करून देणारा परीस शोधण्याचे वेड त्याला लागले होते आणि त्यापायी बायकोच्या माहेरचा पैसाही त्याने भट्टीत घातला. माणसाचे मूत्र पिवळे, सोनेही पिवळे, तेव्हा मुत्रात सोने असलेच पाहिजे अशी त्या काळच्या किमयागारांची समजूत! त्याने पिंपेच्या पिंपे मूत्र गोळा केले, कुजू दिले, आटवून त्याचा रबडा केला आणि तो भट्टीवर प्रचंड तापवला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कसे सोसले असेल देव जाणे. सोने काही निघाले नाही. पण भांड्यातून जी वाफ निघाली ती पाण्याखाली थिजून मेणासारखा एक पदार्थ झाला, आणि तो अंधारात आपोआप चकाकत होता. हवा लागताच पेट घेत होता. त्याला फॉस्फरस, म्हणजे प्रकाश वाहून आणणारा, असे ग्रीक नाव मिळाले. स्फुरणे म्हणजे चमकणे, लुकलुकणे. तेव्हा आपला 'स्फुरद' हा शब्दही त्याला शोभतो.

ज्याच्या शोधकाचे नाव आपणास ठाऊक आहे असे हे पहिले मूलद्रव्य होय. सोने, तांबे, लोखंड, गंधक फार पुरातन, पण ती प्रथम कोणी ओळखली हे कोण सांगणार? जस्ताचेही तसेच. राजस्थानातील जावर येथे जस्त गाळण्याच्या भट्ट्या युरोपला ही धातू वेगळी काढता येण्याच्या कित्येक शतके आधीपासून चालू होत्या. झिंक सल्फेटची पिशवी हातात घेताना हे जरूर आठवावे. असो.

ब्रांटचे गुपित पैसे देऊन दुसऱ्यांनी घेतले आणि राजेरजवाड्यांपुढे अंधाऱ्या खोलीत त्याचे खेळ करून दाखवले. शंभर वर्षे स्फुरद हे तमाशाचेच साधन राहिले. पुढे १७७० च्या सुमारास स्वीडनमधील गान आणि शीले या दोघांनी दाखवले की, जनावरांच्या हाडांत स्फुरद भरपूर आहे. तेव्हा कोठे त्याचा शेताशी संबंध जोडण्याची वाट मोकळी झाली. हाडांच्या चुऱ्याला सल्फ्युरिक आम्ल देऊन सुपर फॉस्फेट करण्याचे पेटंट इंग्लंडमधील जॉन लॉज याने १८४२ साली घेतले, आणि पुढील वर्षी आपल्या रॉथमस्टेड येथील शेतावर खतांचे प्रयोग सुरू केले. ते प्रयोग अजून चालू आहेत.

नत्राचा शोध याच्या अगदी उलट. स्फुरद तरी चमकले म्हणून दिसले. नत्र दिसत नाही, वास नाही, चव नाही, आणि हवेत मात्र शेकडा ७८ भाग तोच. एडिंबरो येथे डॅनियल रुदरफर्ड नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे गुरू जोसेफ ब्लॅक यांनी त्याला हा विषय दिला. १७७२ साली त्याने बंद भांड्यातल्या हवेत उंदीर ठेवला. उंदीर मेल्यावर त्याच हवेत मेणबत्ती जाळली, ती विझल्यावर स्फुरद जाळले. मग क्षाराच्या पाण्यातून ती हवा नेऊन त्यातील कर्बवायू शोषून टाकला. इतके करूनही हवेचा मोठा भाग उरलाच. त्यात ज्योत टिकेना, जीव जगेना. तोच नत्रवायू. ब्रांटने मुत्रातून काढलेले स्फुरद इथे हवेची झडती घ्यायला उपयोगी पडले, हे लक्षात घ्या. पुढे लाव्हाझिएने या वायूला 'अझोट' म्हणजे निर्जीव असे नाव दिले. ज्याच्यावाचून उसाला काळोखी येत नाही त्याचे नाव निर्जीव! आपण बेणेप्रक्रियेला वापरतो त्या ॲझोटोबॅक्टर जिवाणूच्या नावात तो जुना शब्द अजून शिल्लक आहे.

त्याच काळात प्राणवायूवर तीन माणसे तीन देशांत काम करत होती. इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टले हा धर्मोपदेशक. १७७१ साली त्याने पाहिले की, मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली की तीच हवा पुन्हा ज्योत जळण्यालायक होते. झाडे हवा शुद्ध करतात याचा हा पहिला पुरावा. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली आणि तीतून जो वायू निघाला त्यात मेणबत्ती भडकून जळाली. स्वीडनमध्ये शीले याने हाच वायू त्याच्याही आधी तयार केला होता, पण त्याचे पुस्तक छापून यायला १७७७ साल उजाडले. शीले हा साधा औषध दुकानदार. पण त्याने हाती घेतले नाही असे काही नव्हते. साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ऑक्झॅलिक आम्ल काढले ते त्यानेच, आणि क्लोरीनही त्याचेच. वयाच्या ४३ व्या वर्षी तो वारला. या सर्व कथेत मला विचाराल तर सर्वांत मोठा हातगुण त्याचा.

परंतु प्रीस्टले काय, शीले काय, दोघेही एका जुन्या समजुतीला चिकटून राहिले. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत 'फ्लॉजिस्टन' नावाचे काहीतरी असते आणि जळताना ते बाहेर पडते, अशी ती समजूत. लाकूड जळून चिमूटभर राख उरते, तेव्हा काहीतरी निघून गेले हे कोणालाही पटेलच.

ही समजूत मोडली ती पॅरिसच्या आंत्वान लाव्हाझिए याने, आणि मोडली ती वजनकाट्याने. आपल्या कारखान्यात रसशुद्धीसाठी गंधकाची भट्टी असते ती सर्वांनी पाहिली आहे. गंधक जळतो, त्याचा उग्र वायू होतो, तो रसात सोडतात. आता जुन्या समजुतीप्रमाणे जळल्यावर गंधक हलका व्हायला हवा. लाव्हाझिएने गंधक व स्फुरद जाळून जे तयार झाले ते निगुतीने धरून ठेवले आणि तोलले, तर वजन वाढलेले! १ नोव्हेंबर १७७२ रोजी त्याने ही गोष्ट कागदावर लिहून पाकीट सीलबंद केले आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या चिटणिसाकडे ठेवून दिले. पुढे कोणी हक्क सांगू नये म्हणून ही तजवीज. जळताना काही बाहेर जात नाही, उलट हवेतले काहीतरी येऊन मिळते. आज आपण जाणतो की, एक किलो गंधक जळून सुमारे दोन किलो वायू होतो. वरचा किलो हवेतल्या प्राणवायूचा.

ते 'काहीतरी' कोणते, हे त्याला प्रीस्टलेमुळे उमगले. १७७४ च्या शरद ऋतूत प्रीस्टले पॅरिसला आला असता जेवणाच्या टेबलावर त्याने आपला प्रयोग सांगून टाकला. लाव्हाझिएने तो करून पाहिला, काट्यावर घातला आणि त्याचा अर्थ लावला. अर्थ त्याचाच हे खरे. पण प्रीस्टले व शीले यांना त्यांचे श्रेय देताना त्याने हात फार आखडता घेतला, हेही लिहिले पाहिजे. पुढे पाणीसुद्धा मूलद्रव्य नसून हायड्रोजन व प्राणवायू यांचे मिळून झालेले आहे हे १७८० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडच्या कॅव्हेंडिशच्या प्रयोगांतून व लाव्हाझिएच्या विवेचनातून सिद्ध झाले. चार तत्त्वांचा कारभार तेथेच आटोपला.

१७८९ साली लाव्हाझिएने आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. प्रकाश आणि उष्णता यांनाही त्याने मूलद्रव्यांत बसवले, ते चुकले. चुना यादीत घातला, परंतु हा पुढे फुटेल अशी शंकाही नोंदवली, ती खरी ठरली. याच ग्रंथात साखरेवर एक प्रकरण आहे. ४०० पौंड पाणी, १०० पौंड साखर आणि १० पौंड यीस्ट, एकूण जमा ५१० पौंड. आंबवण झाल्यावर दुसऱ्या बाजूला मद्यार्क, कर्बवायू, थोडे शिरक्याचे आम्ल, न आंबलेली साखर, राहिलेले पाणी व यीस्ट, आणि बेरीज पुन्हा ५१० पौंड. पदार्थ नव्याने उत्पन्न होत नाही हे तत्त्व त्याने नेमके इथे, साखर आंबवण्याच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. आकड्यांत पुढे चुका निघाल्या, तत्त्वात निघाली नाही.

हा मनुष्य शेतीही करत असे. ब्ल्वा शहराजवळ फ्रेशीन येथे त्याची जमीन होती, आणि तेथे किती शेणखत घातले, किती धान्य निघाले याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे ठेवत होता. पण त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग येई तो राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या मक्तेदार कंपनीतून. मिठावरचा, तंबाखूवरचा कर वसूल करणाऱ्या या कंपनीचा रयतेला मनस्वी तिटकारा होता, आणि तो अनाठायी नव्हता. क्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी इतर मक्तेदारांबरोबर लाव्हाझिएचाही शिरच्छेद झाला. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी त्याच्या सासऱ्याचाही झाला. बायको मारी त्याची मदतनीस होती. इंग्रजी शिकून तिने प्रयोगांची भाषांतरे केली होती, ग्रंथातली यंत्रांची चित्रे तिच्याच हातची आहेत.

आता पाचटाचे सांगतो. "साहेब, पाचट पेटवलं तर राख रानातच राहते की, ते खतच झालं," असे पुष्कळ सभासद म्हणतात. लाव्हाझिएच्या काट्याने हिशोब करू. हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात शेकडा अर्धा भाग नत्र धरला तर ८ टनांत ४० किलो नत्र झाले. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असते. म्हणजे जवळजवळ दोन पोती. पाचट पेटले की यातले बहुतेक नत्र वायू होऊन रुदरफर्डच्या हवेत जाऊन मिळते, कर्ब तर जातोच. राखेत पालाश व स्फुरद बरेचसे राहते ही गोष्ट खरी, परंतु ती राख वाऱ्याने शेजाऱ्याच्या बांधात जाते नाहीतर पहिल्या पाण्याने वाहते. नाहीसे काही होत नाही हे कबूल. पण तुमच्या सातबाऱ्याबाहेर गेले की तुमच्या उसाला त्याचा काय उपयोग?

राखेवरून पालाशाकडे वळू. लाकडाची राख पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी मोठ्या लोखंडी भांड्यांत आटवायचे आणि तळाशी राहिलेला पांढरा क्षार विकायचा, हा युरोप-अमेरिकेत मोठा धंदा होता. भांडे म्हणजे पॉट, राख म्हणजे ॲश, त्यावरून पोटॅश. अमेरिकेत १७९० साली दिलेले पहिले पेटंट पोटॅश करण्याच्या रीतीचेच आहे. साबणाला, काचेला, तोफेच्या दारूला हा क्षार लागे. आपल्याकडे राखेने भांडी लख्ख निघतात ती याच्याच गुणाने. परंतु या क्षाराच्या पोटात काय आहे ते कोणास उकलेना. लाव्हाझिएला तो संयुक्त वाटत होता, म्हणून त्याने यादीत घेतलाच नाही.

ते काम लंडनमध्ये हंफ्रे डेव्हीने केले. १८०० साली इटलीत व्होल्टाने विजेची बॅटरी केली होती. डेव्हीने मोठी बॅटरी उभारली आणि पोटॅशच्या पाण्यातून वीज सोडली, तर नुसते पाणीच फुटले. कोरड्या पोटॅशमधून वीज जाईना. शेवटी ६ ऑक्टोबर १८०७ रोजी किंचित ओलसर झालेल्या पोटॅशच्या तुकड्याला त्याने तारा लावल्या. तुकडा वितळू लागला आणि पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले. काही जागीच फुटून पेटले. पाण्यात टाकला की हा धातू जांभळट ज्योतीने जळत पाण्यावर धावे. डेव्ही तेव्हा २८ वर्षांचा, आनंदाने खोलीभर नाचला असे त्याच्या मदतनीस चुलतभावाने लिहून ठेवले आहे. काही दिवसांनी त्याच रीतीने सोडियम निघाला आणि पुढल्या वर्षी चुन्यातून कॅल्शियम. लाव्हाझिएची चुन्याबद्दलची शंका फिटली.

व्हॅन हेल्मॉन्टच्या झाडाचा हिशोब जिनिव्हाच्या सोस्यूर याने १८०४ मध्येच पुरा केला होता. झाडाचा कर्ब हवेतून येतो, बाकीचे बरेचसे वजन पाण्याचे, आणि राखेत जे क्षार सापडतात ते मुळांवाटे मातीतून आलेले, हे त्याने तोलून दाखवले. तेच ते पाच तोळे. निव्वळ साखरेत नत्र नाही, स्फुरद नाही, पालाशही नाही. ती नुसती हवा आणि पाणी यांची बनते. उसाबरोबर रानातून गेलेल्या स्फुरदाचा मोठा वाटा चुन्याबरोबर प्रेसमडमध्ये बसतो, आणि पालाश जाते मोलॅसिसमध्ये.

पोत्यावरच्या आकड्यांत या इतिहासाचा एक अवशेष अजून आहे. जुने रसायनशास्त्रज्ञ वनस्पती जाळून राहिलेल्या राखेचा हिशोब करत, म्हणून स्फुरद व पालाश ही प्राणवायूशी संयोग झालेल्या रूपात मोजण्याचा रिवाज पडला. तो आजतागायत चालू आहे. १०:२६:२६ च्या ५० किलोच्या पोत्यात नत्र ५ किलो असते, ते निव्वळ. 'स्फुरद १३ किलो' असते त्यात निव्वळ मूलद्रव्य ५.७ किलो, आणि 'पालाश १३ किलो' असते त्यात निव्वळ १०.८ किलो. यात फसवणूक काही नाही, कारण शिफारशीचे आकडेही त्याच रिवाजाचे आहेत. फक्त एखाद्या अहवालात निव्वळ मूलद्रव्याचा आकडा दिला असेल तर तो तसाच पोत्याशी ताडून पाहू नये.

पालाशाच्या खाणींची गोष्ट साखरवाल्यांना जवळची आहे. बर्लिनच्या मारग्राफ याने १७४७ साली बीटात उसासारखीच साखर आहे हे शोधले. स्फुरद काढण्याची सुधारलेली रीतही त्याचीच. बीटाचे कारखाने निघाले तशी बीटाच्या रानांना पालाशाची ओढ लागली. जर्मनीत श्टासफुर्ट येथे मिठाच्या खाणीत वरचा कडू थर निरुपयोगी म्हणून फेकून देत असत. तेथील साखर कारखान्याचा केमिस्ट आडोल्फ फ्रांक याने त्यात पालाश आहे हे ओळखून १८६१ मध्ये खताचा कारखाना काढला. आपल्या देशात लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश आजही परदेशांतूनच येते.

मोलॅसिसपासून मद्यार्क काढल्यावर जे स्पेंटवॉश उरते त्यात उसाचे पालाश साठलेले असते. ते जाळून राहणाऱ्या राखेपासून पीडीएम हे खत बनते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ते अनुदानाच्या योजनेत घेतले. त्यात पालाश १४.५ टक्के असते, तेही वरच्याच रिवाजाने मोजलेले. ५० किलोच्या हिशोबाने पीडीएममध्ये सव्वासात किलो पालाश मिळते, म्युरेटमध्ये ३० किलो. दर विचारताना पोत्याचा विचारू नये, किलोमागे पालाशाचा विचारावा.